लोककथांची बैठक पहिल्यांदाच भरवताय?

लोककथांची संध्याकाळ भरवायची ठरली की बहुतेक जण आधी सांगणारा शोधायला निघतात. कुणीतरी आवाजदार हवा, नाटकात काम केलेला असला तर उत्तम. माझा सल्ला उलटा आहे. आधी ऐकणाऱ्यांची सोय लावा, त्यांना संध्याकाळभर काय काम द्यायचं ते ठरवा. सांगणारा त्यातूनच सापडतो.

आपल्याकडची तोंडी गोष्ट कधी एकट्याच्या जिवावर चाललेलीच नाही. घरात आजी गोष्ट सांगायची तेव्हा नातवंडांनी ‘हूं’ म्हणायचं असा नियम होता. हूं थांबलं की पोरगं झोपलं असं समजून गोष्टही थांबायची. कोकणात गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य टाकतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते उचलतात. शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत उभे असतात. गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो, तेव्हा शेजारचा साथीदार मुद्दाम भोळे प्रश्न विचारून त्याला खुलवतो. श्रावणातल्या कहाणीला बायका हातात अक्षता घेऊन बसतात. या सगळ्यांत ऐकणाऱ्याला काहीतरी करायचं असतं. तुमच्या बैठकीत तेवढं साधलं, तर बाकीच्या चुका लोक हसून सोडून देतील.

जागा, वेळ आणि माणसं

पहिल्या वेळेला पंचवीस-तीस माणसं पुष्कळ झाली. एवढ्या माणसांना माइक लागत नाही, आणि माइक नसला की लोक आपोआप पुढे सरकून बसतात. सोसायटीची गच्ची, देवळाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, कुणाचं तरी प्रशस्त अंगण, यांतलं काहीही चालेल. व्यासपीठ आणि ओळीनं लावलेल्या खुर्च्या असलेलं सभागृह मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. तिथं माणूस पाठीला टेकून हाताची घडी घालतो आणि ‘करा काय करायचं ते’ अशा नजरेनं बघत राहतो.

खाली जाजम किंवा सतरंज्या अंथरा. बैठक घोड्याच्या नालेसारखी वळलेली ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या लागतीलच, पण त्या मागे लावायची आपली सवय मोडा. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येतं, आणि मागे बसवलेली आजी ‘काय म्हणाला?’ असं शेजारणीला विचारत राहते. त्यांच्या खुर्च्या दोन्ही कडांना, पुढे.

उजेडाचं बघा. पार अंधार केला की वातावरण येतं खरं, पण पंधरा मिनिटांत दोन जण पेंगतात. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिवळा दिवा हवा आणि ऐकणाऱ्यांचे डोळे त्याला दिसतील इतपत मंद उजेड त्यांच्यावरही हवा. ट्यूबलाइट बंद. कंदील ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, फक्त लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा. उघड्यावर बसणार असाल तर डासांचा बंदोबस्त आधीच करा. डास चावायला लागले की कितीही रंगलेला राक्षस कुणाला खिळवून ठेवत नाही.

वेळ साधारण सात ते नऊ. दिवेलागण झालेली असते आणि जेवण राहिलेलं असतं. दोन तासांपेक्षा जास्त ताणू नका. गर्दी वाढून ध्वनिक्षेपक लावायचाच झाला, तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो लावता येत नाही हे लक्षात ठेवून वेळ ठरवा.

महिना कुठला निवडावा? कोजागरीला लोक तसेही जागायला तयार असतात आणि मसाला दुधाचं निमित्त असतं. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीच्या शेतात हुरडा भाजायला बसलेली मंडळी असतील, तर यापेक्षा चांगली बैठक शोधूनही मिळणार नाही. शेकोटीभोवती बसलेल्या माणसाला गोष्ट ऐकायची का हे विचारावंही लागत नाही. श्रावणात कहाण्यांचा हंगाम असतो, पण पत्र्याखाली बसू नका. एक जोराची सर आली की सांगणारा नुसता तोंड हलवताना दिसतो.

गोष्टी कुठून आणायच्या

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. महिनाभर तरी.

पहिला झरा म्हणजे तुमच्या आसपासची सत्तरी ओलांडलेली माणसं. पण त्यांच्याकडे जाऊन ‘आजी, तुमच्या भागातली एखादी लोककथा सांगा ना’ असं म्हणालात, तर हमखास उत्तर येतं, ‘अगं बाई, मला कुठल्या येतात गोष्टी!’ लोककथा हा शब्द त्यांच्यासाठी पुस्तकातला आहे. त्यांच्याकडे गोष्टी असतात त्या प्रसंगाला चिकटलेल्या. म्हणून प्रसंग विचारा. पोरं झोपत नसली की काय सांगायचात? रात्री परसात जाऊ नका म्हणून कशाची भीती घालायची? गावच्या ओढ्याला, त्या वडाला, त्या विहिरीला काही नाव होतं का, आणि ते का पडलं? जत्रेला पहिला मान अमक्याच घराण्याला का? जात्यावर बसल्यावर कुणाच्या ओव्या म्हणायचात?

आणि विचारायचं ते त्यांचे हात कामात असताना. लसूण सोलताना, शेंगा फोडताना, वाती वळताना. समोर बसून, वही उघडून, फोन तोंडापुढे धरून विचारलं की माणूस शहाण्यासारखं, नीटनेटकं बोलायला लागतो आणि गोष्टीतला सगळा रस जातो. फोनवर ध्वनिमुद्रण जरूर करा, पण ‘मी हे टिपून घेतो, चालेल ना?’ असं आधी विचारून, आणि मग तो फोन शेंगांच्या टोपलीमागे ठेवून विसरून जा.

एक गोष्ट ऐकून झाली की लगेच उठू नका. ‘आणि मग तुमच्या सासूबाई कुठली सांगायच्या?’ हा प्रश्न विचारा. माहेरची गोष्ट एक असते, सासरची दुसरी. बायका लग्न होऊन एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेल्या, त्यांच्याबरोबर गोष्टीही गेल्या. म्हणून सातारकडची गोष्ट तुम्हाला पनवेलच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सापडू शकते.

दुसरा झरा स्थळकथांचा. तुमच्या गावातलं जुनं शंकराचं देऊळ घ्या. एक गाय रोज रानात एका वारुळावर किंवा दगडावर आपणहून पान्हा सोडते, घरी दूध देत नाही, गुराखी पाळत ठेवतो, कुदळ मारतो, पिंडीवर घाव बसतो आणि रक्त येतं. ही कथा तुम्ही ऐकली असेल आणि ती फक्त आपल्याच गावची असं तुम्हाला वाटतही असेल. प्रत्यक्षात ती असंख्य देवळांशी जोडलेली आहे. म्हणून ती टाकून देऊ नका. दोन शेजारच्या गावांतल्या दोन माणसांना बैठकीत आपापली कथा लागोपाठ सांगायला लावा. गाईचा रंग बदलतो, गुराख्याचं नाव बदलतं, घाव घालणाऱ्याचं पुढं काय झालं ते बदलतं, आणि लोक पुढे सरकून भांडायला लागतात. बैठकीला तेच हवं असतं.

कोकणातले असाल तर राखणदार, देवचार, म्हापुरुष यांच्या गजालींना, म्हणजे गप्पागोष्टींना, अंत नाही. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. एवढं सांगितलं तरी मुलांचे डोळे मोठे होतात. धनगरवाड्याजवळ राहत असाल तर बिरोबाच्या ओव्या असतील. ‘सुंबरान मांडिलं’ म्हणून सुरू होणारी ती कथा तासन्‌तास चालते, तिचा एखादा तुकडाच बैठकीला पुरतो. खानदेशात कानबाईच्या उत्सवाची गाणी, विदर्भात भुलाबाई, पश्चिम महाराष्ट्रात हादगा. ही नुसती फेर धरायची गाणी वाटतात, पण नीट ऐकलं तर प्रत्येकात सासर-माहेरची एक गोष्ट दडलेली आहे.

तिसरा झरा छापील. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकारानं राज्याच्या लोकसाहित्य समितीनं काढलेली संकलनं जुन्या सार्वजनिक वाचनालयांत मागच्या कपाटात धूळ खात असतात, ग्रंथपालांना विचारा. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. एक लाखाहून जास्त आहेत आणि कित्येक ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या आवाजातच ऐकता येतात. छापील गोष्टीचा उपयोग मात्र सांगाड्यापुरता करा. ती जशीच्या तशी पाठ केली की छापील भाषाच तोंडातून येते, ‘तद्नंतर तो राजा अत्यंत क्रोधित झाला’ वगैरे.

कुठली घ्यायची, कुठली ठेवून द्यायची

पहिल्या बैठकीला चार गोष्टी आणि थोडी कोडी पुरेत. सांगणारे तीन किंवा चार. प्रत्येक गोष्ट आठ ते बारा मिनिटांची. हे ऐकायला कमी वाटतं, पण सवय नसलेल्या माणसासाठी दहा मिनिटं फार लांब असतात.

नवख्या सांगणाऱ्यानं पालुपद असलेली गोष्ट घ्यावी. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते, तिथं ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ आलं की सगळी बैठक एका सुरात म्हणते आणि सांगणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. चिऊताईच्या दारावर कावळा टकटक करत राहतो, तेही तसंच. मोठ्या माणसांसमोर ‘ही बाळबोध गोष्ट कशी सांगू’ म्हणून लाजू नका. सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणतात.

मोठ्यांसाठी श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी उत्तम. आटपाट नगराच्या राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. दवंडी पिटते, घरोघरचं सगळं दूध धाकानं देवळात ओतलं जातं, वासरं आणि लेकरं उपाशी राहतात, आणि गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरच्यांना पाजून, वासरांना सोडून, उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. राज्यकर्ता, कर आणि उपाशी पोरं यांच्याबद्दल इतकं धारदार बोलणारी कहाणी पूजेच्या पाटाशी बसून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

काही गोष्टी अशा निघतील की त्यांत एखाद्या जातीची टिंगल असते, काळ्या रंगाच्या मुलीची हेटाळणी असते, विधवेचं तोंड अपशकुनी असतं. त्या पहिल्या बैठकीत नकोत. ऐकणाऱ्यांत कोण बसलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. गोष्ट अगदी सोडवत नसेल, तर टिंगलीचा धागा काढून सांगा. तोंडी गोष्टीत प्रत्येक सांगणाऱ्यानं असे बदल केलेलेच आहेत, त्यात पाप काही नाही.

गोष्ट तोंडात कशी बसवायची

पाठ करू नका. पाठ केलेली गोष्ट मध्ये कुणी खोकलं की तुटते.

गोष्टीच्या गाठी बांधा. एका कागदावर पाच ते सात शब्द, एका शब्दाला एक घटना. उंदराच्या टोपीची गोष्ट घेऊ, कारण ती सगळ्यांना अर्धवट आठवते. गाठी अशा: चिंधी, धोबी, शिंपी, गोंडे, ढोल, राजा. उंदराला चिंधी सापडते, धोब्याकडून तो ती धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, मग तिला गोंडे लावून घेतो आणि ढोल बडवत राजवाड्यासमोर जाऊन आपली टोपी राजाच्या टोपीपेक्षा छान असल्याचं गाऊ लागतो. राजा टोपी काढून घेतो. उंदीर ओरडतो, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली, ढुम ढुम ढुमाक!’ राजा वैतागून टोपी परत करतो. उंदीर लगेच सूर बदलतो, ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली, ढुम ढुम ढुमाक!’

गाठी लिहून झाल्या की तीनच गोष्टी शब्दशः पाठ करा: पहिलं वाक्य, पालुपद आणि शेवटचं वाक्य. सुरुवात अडखळली की माणूस घाबरतो आणि शेवट सापडला नाही की गोष्ट लांबत जाते, म्हणून ही दोन टोकं पक्की हवीत. मधलं दर वेळी वेगळं आलं तरी चालतं, यायलाच हवं. जुन्या मंडळींनी या टोकांची सोय आधीच करून ठेवली आहे. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की ऐकणारा कामावरून, रस्त्यावरून, भांडणातून बाहेर येतो. आणि ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की पुढं कुणी काही जोडायचं नसतं, हे सगळ्यांना कळतं.

मग सराव. आरशासमोर नको. घरात कुणीतरी भाजी निवडत असेल, त्याला सांगा. ऐकणाऱ्याचे हात कुठं थांबले आणि कुठं पुन्हा सुरू झाले ते बघा. हात थांबले ती जागा गोष्टीचं मर्म असते, तिथं बैठकीत सावकाश जायचं. जिथं त्यानं मधेच ‘कुकर लावलाय का?’ असं विचारलं, तो भाग छाटा. बहुतेक वेळा ते वर्णन असतं.

अभिनयाचा सोस धरू नका. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढणारा सांगणारा पाच मिनिटं करमणूक करतो आणि मग लोकांना गोष्टीपेक्षा त्याचा घसाच दिसायला लागतो. वाघासाठी आवाज थोडा खाली, सावकाश. उंदरासाठी थोडी घाई. पुरे. हातांचंही तसंच. विहीर खोल आहे हे सांगायला वाकून बघायची गरज नसते, एक क्षण थांबलं तरी ती खोल होते.

बोलीचं काय? तुमची बोली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी, झाडीबोली काहीही असेल, तर बिनधास्त तिच्यात सांगा. अडणारे शब्द वाक्यातच उलगडत जातात. मात्र जी बोली आपली नाही, ती ओढूनताणून आणू नका. पुण्यात वाढलेल्यानं विनोदासाठी काढलेलं ‘गावंढळ’ मराठी ऐकताना त्या भागातला माणूस समोर असेल तर त्याचा चेहरा बघवत नाही. ती गोष्ट साध्या बोलीभाषेत सांगा आणि एखाददुसरा मूळ शब्द जपून ठेवा.

संध्याकाळचा क्रम

सुरुवात कोड्यांनी करा. लोक अजून येत असतात, चपला काढत असतात, कुणी बसायला जागा शोधत असतो. अशा वेळी गोष्ट सुरू केली तर पहिला सांगणारा बळी जातो. ‘कोकणातून आला भट, धर की आपट’ असं टाका. कुणीतरी ‘नारळ’ म्हणून ओरडतं. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया.’ गच्चीवर बसला असाल तर कुणीतरी वर बघतं आणि उत्तर देतं. ‘कोकणातून आली सखी, तिच्या मानगुटीवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.’ इथं मोठी माणसं हरतात आणि लसूण सोलणारी जिंकते. दहा मिनिटांत सगळ्यांचा आवाज एकदा तरी बाहेर पडलेला असतो. ज्यानं एकदा तोंड उघडलं तो पुढं हूं द्यायला लाजत नाही.

मग सूत्रधारानं हूं कसं द्यायचं ते सांगावं. ‘आमच्याकडे गोष्ट ऐकताना हूं म्हणतात, नाहीतर गोष्ट रुसते’ एवढंच. पहिल्या गोष्टीला दोन-तीन ओळखीच्या माणसांना आधीच सांगून ठेवा की जोरात हूं द्या. बाकीचे आपोआप धरतात.

पहिली गोष्ट पालुपदाची, हलकी. दुसरी कहाणी किंवा स्थळकथा. त्यानंतर थोडी ओवी किंवा हादग्याचं गाणं, म्हणजे कान बदलतात. मग भुताची. मुलं असतील तर भुताची गोष्ट शेवटी ठेवू नका, त्यांना अंधारात घरी जायचंय आणि रात्री त्यांच्याजवळ झोपायचंय ते त्यांच्या आईला. भुतानंतर एक हसवणारी गोष्ट ठेवा. नुसत्या मोठ्यांची बैठक असेल तर मात्र भूत शेवटी, आणि दिवे लावायची घाई करू नका.

खाणं मध्ये नको. कुरकुरीत भजी गोष्टीच्या ऐन रंगात वाजतात, आणि कागदी बशा त्याहून जास्त. चहा आधी, खाणं शेवटी. हादग्याची पद्धत इथं उसनी घेता येते: खिरापत झाकून ठेवा आणि काय आहे ते ओळखायला लावा. ओळखेपर्यंत कुणी उठत नाही, आणि उठून जायच्या बेतात असलेलेही थांबतात.

दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप हे सगळं गाळा. तुमच्या प्रभागातल्या एखाद्या पुढाऱ्याला बोलावलंच पाहिजे अशी वेळ आली, तर त्यांना सतरंजीवर बसवा आणि लहानपणची एक गोष्ट सांगायला लावा. काही जण छान सांगतात.

खुली बैठक

चार गोष्टी झाल्या की अर्धा तास मोकळा ठेवा. याच अर्ध्या तासासाठी बाकीचा खटाटोप असतो. ‘कुणाला काही आठवलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. पहिलं मिनिट अवघड जातं. सूत्रधाराला वाटतं, आपणच काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. तसं करू नका. कोपऱ्यातले एक काका घसा खाकरतात आणि म्हणतात, ‘गोष्ट अशी नाही, पण आमच्या गावाला…’ आणि त्यांची गोष्ट सुरू होते.

इथं एकच नियम आधी जाहीर करा: ‘मूळ गोष्ट अशी नाही’ असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर ‘आमच्याकडे अशी सांगतात’ म्हणायचं आणि पूर्ण सांगायची. तोंडी गोष्टीला मूळ प्रत नसते, त्यामुळे भांडण मिटवायला कुणाकडे पुरावाही नसतो. हा नियम नसेल तर गोष्ट पुस्तकात वाचलेली माणसं ती घरात ऐकलेल्या माणसांना गप्प करतात. असं झालेलं मी पाहिलंय, आणि गप्प झालेली आजी पुन्हा बैठकीला येत नाही.

कुणी स्वतःच्या कविता काढल्या, कुणी भाषण सुरू केलं, कुणी मोबाईलवरचा विनोद वाचायला लागला, तर सूत्रधारानं हसत हसत ‘हूं!’ असं जोरात म्हणून पुढच्याकडे बघावं. यापेक्षा सभ्य उपाय मला माहीत नाही.

पारंपरिक कलावंतांना बोलवायचं असेल तर

दोन-तीन बैठका अंगवळणी पडल्यावरच हा विचार करा. गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर, कीर्तनकार, चित्रकथी हे सगळे कथा सांगतात, पण त्यांची कथा त्यांच्या पोटाशी आणि बऱ्याच वेळा देवाशी बांधलेली असते. गोंधळ हा कुळाचार आहे. त्यात आधी देवतांना आवाहन असतं, संबळ-तुणतुण्यावर गण असतो, मग आख्यान येतं. ‘ते सुरुवातीचं नको, डायरेक्ट गोष्टीवर या, पंधरा मिनिटांत आटपा’ असं सांगायचं असेल तर बोलावूच नका. कीर्तनालाही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी घडण असते, ती मोडून नुसतं आख्यान मागणं बरं दिसत नाही.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरून त्यावरची कथा गात जायचं, साथीला वीणा, हुडूक आणि टाळ. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, आणि पिंगुळीला त्यांच्या कुटुंबानं उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय आहे. कोकणात जाणं होणारच असेल तर आपल्या गच्चीवर त्यांना बोलावण्याआधी तिथं जाऊन बघा. चित्र किती जवळून बघावं लागतं, किती माणसांना ते दिसतं, हे कळलं की बैठक किती मोठी ठेवायची ते आपोआप ठरतं.

सुपारी देताना बिदागी, प्रवास, जेवण आणि मुक्काम हे चारही आधी बोलून घ्या, आणि साथीदार किती येणार ते विचारा. एकट्याचा हिशेब करून बोलावलं आणि चौघे आले, की दोन्ही बाजू अवघडतात. ‘तुम्हाला व्यासपीठ मिळतंय’ हा मोबदला नव्हे. चित्रीकरण करणार असाल तर त्याची वेगळी परवानगी घ्या, आणि ते कुठं टाकणार तेही सांगा.

परदेशात किंवा मराठी मुलखाबाहेर

इंदूर, बडोदा, बेळगाव इथं गोष्ट आपल्या ओघानं चालते, वेगळं काही करावं लागत नाही. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मंडळांत अडचण वेगळी असते: मुलांना मराठी कळतं पण बोलता येत नाही, आणि जातं, उखळ, रहाट, गोफण यांतलं त्यांनी काही पाहिलेलं नसतं. पालुपदाच्या गोष्टी इथं सोन्यासारख्या. बोलायला लाजणारं पोरगं ‘ढुम ढुम ढुमाक’ म्हणायला लाजत नाही. वस्तू हातात द्या. खलबत्ता, सूप, पितळी लामणदिवा, जे कुणाच्या घरी असेल ते. गोष्ट थांबवून शब्दार्थ सांगत बसू नका. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तो आठवडा गाठा, आणि त्यांना ‘कार्यक्रम’ आहे असं सांगू नका, नाहीतर ते कागद काढून लिहायला बसतात.

दुसऱ्या दिवशी

ध्वनिमुद्रणं त्याच आठवड्यात नीट लावून ठेवा. फाइलला गोष्टीचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, गाव, बोली आणि तारीख द्या. शक्य असेल तर ही गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली तेही. ‘ऑडिओ 0047’ अशा नावाची फाइल वर्षभरानं कुणालाच ओळखू येत नाही. सांगणाऱ्याची परवानगी नसेल तर ती गटावर पाठवू नका, घरच्या घरी ठेवा. परवानगी असेल तर आधी सांगणाऱ्याच्याच घरी पाठवा. त्यांच्या मुलांनीही ती बऱ्याचदा कधी ऐकलेली नसते.

खुल्या बैठकीत अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी करा. ज्यांना शेवट आठवला नाही त्यांना चार दिवसांनी फोन करा. तोवर त्यांना तो आठवलेला असतो, किंवा त्यांनी बहिणीला विचारलेलं असतं. त्यांनाच पुढच्या वेळेचे सांगणारे म्हणून धरा आणि पुढच्या महिन्याची तारीख त्याच फोनवर पक्की करून टाका.